कमांडचा नकाशा आणि हुद्द्यांची शिडी: गावच्या अभ्यासिकेत कशी मांडायची

भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांना 'थिएटर कमांड' हा शब्द बातम्यांमुळे माहीत असतो. कमांड म्हणजे एका मुख्यालयाच्या हाताखालचं सैन्य. आज प्रत्येक दलाच्या कमांड वेगळ्या, मिळून १७. थिएटर कमांड म्हणजे एका भागातली लष्कर, नौदल आणि वायुदल ही तिन्ही दलं एकाच प्रमुखाखाली, आणि १७ च्या जागी अशा ३ करायचा बेत आहे. पण त्याचा अर्थ नुसत्या फळ्यावर शिकवून डोक्यात बसत नाही. भिंतीवर दोरे ताणून दाखवला की एका दुपारीत कळतो. त्यासाठी ४ फूट बाय ३ फूट सॉफ्टबोर्ड, टाचण्या, लोकरीचा दोरा आणि जाड कार्डशीट एवढं पुरतं. सेलोटेप वापरू नका. पत्र्याच्या छताखाली मे महिन्यात ती सुटते आणि कार्डं गळून पडतात.

नकाशा निवडताना जपा. बहुतेक ठिकाणी नुसता भारताचा नकाशा लावतात आणि अर्धा विषय चौकटीबाहेर राहतो. पूर्वेकडे १०५ रेखांशापर्यंत दिसेल असा नकाशा घ्या, म्हणजे चीनमधलं चेंगडू आणि लांझोउ दोन्ही त्यात येतात. ती का लागतात ते पुढे येईलच.

आधी टाचण्या. लाल ७ लष्कराच्या: उधमपूर, चंडीमंदिर, जयपूर, लखनौ, कोलकाता, पुणे, शिमला. आकाशी ७ वायुदलाच्या: दिल्ली, प्रयागराज, शिलाँग, गांधीनगर, तिरुवनंतपुरम, बेंगळुरू आणि आपलं नागपूर. गडद निळ्या ३ नौदलाच्या: मुंबई, विशाखापट्टणम, कोची. सगळ्या लावून झाल्या की दोन पावलं मागे सरका आणि पोरांना विचारा, एकाच शहरात दोन रंग कुठे दिसतात का? कुठेच नाही. १७ मुख्यालयं, १७ शहरं. पुनर्रचनेची गरज का वाटते, हे इथेच अर्धं समजतं. तिन्ही दलांच्या दोन जांभळ्या टाचण्या नंतर लावा: २००१ साली उभी राहिलेली अंदमान-निकोबार कमांड आणि २००३ सालची स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांड, म्हणजे अण्वस्त्रांची.

नागपूरच्या टाचणीपाशी हमखास चूक होते. जवळचं म्हणून पोरं तिच्याभोवती विदर्भाची हद्द आखतात. नागपूरची मेंटेनन्स कमांड हद्द सांभाळत नाही. ती देशभरातल्या वायुदलाची दुरुस्ती आणि सामानसुमान पाहते. शिमला आणि बेंगळुरू इथल्या कमांड प्रशिक्षणाच्या. अशा टाचण्यांना पांढऱ्या कागदाची चकती लावा. जमिनीवरच्या सैन्यापुरतं बोलायचं तर विदर्भ पुण्याच्या दक्षिण कमांडकडे येतो. प्रदेशाची कमांड आणि कामाची कमांड हा फरक ज्याला कळला नाही, तो '१७ च्या ३ करणार' असं वाचून १४ मुख्यालयांना कुलूप लागणार असं समजतो.

आता दोरे, आणि इथे घाई करू नका. चीनला लागून असलेल्या प्रत्यक्ष ताबारेषेवर तीन जागा घ्या: लडाख, उत्तराखंड, अरुणाचल. प्रत्येक जागेवरून लाल दोरा लष्करी मुख्यालयाकडे न्या: लडाखचा उधमपूरला, उत्तराखंडाचा लखनौला, अरुणाचलचा कोलकात्याला. मग आकाशी दोरे: दिल्ली, प्रयागराज, शिलाँग. सहा दोरे, सहा मुख्यालयं. पलीकडच्या बाजूने तीनही जागांवरून पिवळा दोरा चेंगडूला न्या. तिकडे एकच मुख्यालय.

हे एक कधी झालं, तेही दाखवा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी चीनने आपले सात लष्करी विभाग मोडून पाच थिएटर कमांड केल्या. त्यातली पश्चिम कमांड, जिचं मुख्यालय चेंगडूला, ही चेंगडू विभाग आणि लांझोउ विभागाचा बराचसा भाग मिळून झाली. त्याआधी लडाखसमोरचा शिंच्यांग लांझोउकडे होता आणि तिबेट चेंगडूकडे. लांझोउवर काळी टाचणी लावा, लडाखचा पिवळा दोरा आधी तिकडे ताणा आणि मग सोडवून चेंगडूला बांधा. पोरांच्या हातूनच सोडवून घ्या.

दोरे ताणले म्हणजे काम झालं असं समजून इथेच थांबणारे पुष्कळ. पण हद्द बदलली की लगेच प्रश्न येतो: कोण कोणाला आदेश देणार आणि कोण मोठा? म्हणून नकाशाशेजारी हुद्द्यांची शिडी हवीच.

शिडीला तीन उभे रकाने आखा: लष्कर, नौदल, वायुदल. सगळ्यात जास्त गोंधळ 'कॅप्टन'चा. नौदलाचा कॅप्टन लष्कराच्या कर्नलच्या आणि वायुदलाच्या ग्रुप कॅप्टनच्या बरोबरीचा. लष्कराचा कॅप्टन नौदलाच्या लेफ्टनंटच्या आणि वायुदलाच्या फ्लाइट लेफ्टनंटच्या ओळीत येतो. एकत्र मुख्यालयात एवढी गल्लत झाली तर तीन पायऱ्यांचा फरक पडतो. ही ओळ लाल शाईने अधोरेखित करा.

खांद्यावरची चिन्हं कार्डशीटमधून कापा. नायब सुभेदाराला एक तारा, सुभेदाराला दोन. लेफ्टनंटलाही दोनच. मग ओळखायचं कसं? सुभेदाराच्या ताऱ्यांखाली रंगीत पट्टी असते, लेफ्टनंटच्या नसते. सुभेदार मेजर आणि मेजर या दोघांनाही सिंहमुद्रा. फरक तिथेही पट्टीचाच. कापताना पट्टी विसरलात तर नायब सुभेदारापासून वरची शिडी चुकते. 'अग्निवीर'चं कार्ड मात्र शिडीत घालू नका, बाजूला लावा. २०२२ च्या योजनेत तो वेगळा हुद्दा आहे, चार वर्षांचा. त्यातले २५ टक्क्यांपर्यंत पुढे नियमित सेवेत जाऊ शकतात.

वरच्या टोकाला खरा पेच आहे. आज लष्कराच्या कमांडचा प्रमुख लेफ्टनंट जनरल असतो आणि दलप्रमुख जनरल. तिन्ही दलं हाताळणाऱ्या थिएटर प्रमुखाला कोणता हुद्दा द्यायचा? दलप्रमुखाच्या बरोबरीचा दिला तर दलप्रमुखाकडे काय उरतं? अमेरिकेने १९८६ च्या गोल्डवॉटर-निकल्स कायद्याने हे सोडवलं. लढाईच्या आदेशाच्या साखळीत दलप्रमुख नाहीत, त्यांनी सैन्य घडवायचं आणि द्यायचं. वर बढती हवी तर दुसऱ्या दलांसोबत नोकरी करावी लागेल, हेही त्याच कायद्यात घातलं. नुसती हद्द आखून अधिकाऱ्याची निष्ठा हलत नाही, बढतीचा रस्ता बदलला की हलते. चीनने १९६५ साली हुद्देच रद्द केले होते. १९७९ च्या व्हिएतनाम युद्धात कोणी कोणाचं ऐकायचं हा घोळ झाला आणि १९८८ साली हुद्दे परत आणावे लागले.

आपल्याकडे झालेल्या पायऱ्या तारखेची चिठ्ठी लावून शिडीखाली टाचा. १ जानेवारी २०२०: पहिले संरक्षणदल प्रमुख (सीडीएस, तिन्ही दलांसाठी एक), जनरल बिपिन रावत. १ ऑगस्ट २०२३: लष्करात ब्रिगेडियर आणि वरच्या अधिकाऱ्यांना एकसारखा गणवेश. १० मे २०२४: आंतरदलीय संस्थांचा कायदा लागू. या शेवटच्या चिठ्ठीपाशी थांबून समजावा. आधी संयुक्त ठिकाणच्या वायुदलाच्या जवानावर लष्करी प्रमुखाला शिस्तीची कारवाई करता येत नसे, त्याला मूळ युनिटकडे पाठवावं लागे. आता तो अधिकार त्याच प्रमुखाकडे आहे, तिन्ही दलांचे जुने कायदे जागेवर ठेवून.

नवी घोषणा आली की आधी चिठ्ठी, मग दोरा आणि टाचणी सगळ्यात शेवटी हलवा. जुन्या टाचणीचं छिद्र बुजवू नका, त्याशेजारी पेनाने तारीख लिहा.