नकाशात विस्तृत व्यापारी धान्यशेती भरताना

जगाच्या नकाशात विस्तृत व्यापारी धान्यशेती, म्हणजे मोठाल्या शेतांत यंत्रांनी विक्रीसाठी पिकवलेलं धान्य, दाखवायची असेल, तर अख्खे देश रंगवू नका. ही शेती बेताच्या पावसामागून जाते. मुंबईत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या गव्हाच्या पट्ट्यात वर्षभरात मिळून त्याच्या जेमतेम निम्मा. एवढ्या पाण्यावर दाट जंगल होत नाही, गवत होतं. गहूही गवतच.

आधी दोन्ही गोलार्धांत ३०° आणि ५५° अक्षवृत्तं पेन्सिलीने फिकी ओढा. उत्तर अमेरिकेत प्रेअरीची, म्हणजे तिथल्या गवताळ प्रदेशाची, पट्टी उभी येते: कॅन्सास आणि डाकोटात १००° पश्चिम रेखावृत्ताच्या आसपास, कॅनडात शिरली की जरा पश्चिमेकडे कलते. सस्कॅचवानचा फक्त दक्षिण भाग भरा, उत्तरेला जंगल आहे. युरेशियात पट्टी आडवी: युक्रेन, दक्षिण रशिया, कझाकस्तानचा उत्तर भाग. पूर्वेकडे ती निमुळती होत जाते. हा स्टेप या गवताळ मैदानाचा, चर्नोझम या काळ्या मातीचा प्रदेश.

खरी गडबड दक्षिण गोलार्धात होते. पंपास, म्हणजे अर्जेंटिनातला गवताळ प्रदेश, अँडीज पर्वताला चिकटवू नका. तो अटलांटिकच्या बाजूला, ब्युनोस आयर्सच्या भोवती. ऑस्ट्रेलियात आग्नेय आणि नैऋत्य भागच, मधलं वाळवंट कोरं.

पंजाबला हात लावू नका. गहू तिथे भरपूर पिकतो, पण लहान शेतांत, कालव्यांच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यावर. ती सखोल शेती.

नकाशाबरोबर वैशिष्ट्यं विचारली तर 'हेक्टरी उत्पादन कमी, माणशी उत्पादन जास्त' हे वाक्य हवंच. ते हमखास उलटं लिहिलं जातं, म्हणून पाठ करण्याऐवजी डोळ्यांसमोर आणा. शिवाजी पार्क साधारण २८ एकर. तशी पन्नास मैदानं जोडा, १,४०० एकर झाली. प्रेअरीत एवढं शेत एखादं कुटुंब यंत्रांच्या जोरावर कसतं. कंबाइन हार्वेस्टरचं पुढचं पातं बारा मीटर रुंदही असतं, आणि कापणी, मळणी, उफणणी एकाच फेरीत उरकते. पाणी बेताचं म्हणून एकरी पीक कमी, पण वाटेकरी हात इतके थोडे की माणशी धान्याचा डोंगर.

नावं पट्टीच्या बाहेर आडवी लिहा, रंगावर लिहिलेली वाचता येत नाहीत. सूचीतला चौकोन मात्र पट्टी भरली त्याच रंगीत पेन्सिलीने भरा.