रोमिंगवरचं यंत्र बोलेनासं झालं तर काय तपासावं

आमचं युनिट बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आहे. औषधांच्या थंड कंटेनरमध्ये बसवायची तापमान नोंदवणारी यंत्रं आम्ही बनवतो. प्रत्येकात एक मोडेम आणि एक भारतीय सिम. मुंद्र्याहून कंटेनर निघतो, दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरतो आणि तिथे यंत्राने रोमिंगवर जागं व्हायचं असतं. एका खेपेत बाराच्या बारा यंत्रं गप्प बसली. आत इन्सुलिन होतं, २ ते ८ अंशांत ठेवायचं. ते तसं राहिलंय की नाही, हे सांगणारं कोणी नव्हतं. ती रात्र मी विसरलेलो नाही. तेव्हापासून तपासणीचा जो क्रम आमच्याकडे पाळला जातो, तो इथे देतो.

आधी नोंदणी आणि सेशन यांची मनात फारकत करा. टॉवरने यंत्राला ओळखलं ही नोंदणी. त्याला आयपी पत्ता मिळून डेटाची वाट उघडली, ते सेशन. आमच्या पोरांना ‘रेंज आहे ना, मग?’ म्हणायची सवय होती. रेंज असूनही सेशन नसतं, आणि बहुतेक वेळ तिथेच वाया जातो.

नोंदणीसाठी मोडेमला सीईआरईजी हा एटी आदेश (मोडेमशी बोलायची ठरलेली आज्ञा) द्या. उत्तरात स्थितीचा आकडा १ असेल तर घरचं नेटवर्क, ५ असेल तर रोमिंग, २ म्हणजे शोध चालू, ३ म्हणजे नकार. १ किंवा ५ आलं की सीजीपीएडीडीआर हा दुसरा आदेश देऊन पत्ता मिळालाय का ते पाहा. ३ आलं तर नकाराचं कारण मिळवल्याशिवाय कशालाही हात लावू नका. सीईआरईजीचा अहवाल तिसऱ्या पातळीवर ठेवला तर मोडेम कारणाचा क्रमांकही देतो.

हे क्रमांक पाठ असावेत. ११ म्हणजे त्या नेटवर्कवर तुम्हाला परवानगीच नाही. अशा नेटवर्कचं नाव सिममधल्या निषिद्ध यादीत लिहिलं जातं आणि वीज काढून परत दिली तरी तिथेच राहतं. उद्या करार झाला, परवानगी आली, तरी यंत्र आपणहून तिकडे फिरकत नाही. ते नेटवर्क हाताने निवडून द्यावं लागतं किंवा यादी पुसावी लागते. १३ म्हणजे त्या भागात रोमिंग बंद. १९ दिसलं तर नोंदणीच्या विनंतीबरोबर गेलेली सेशनची मागणी फसली, तेव्हा आतलं कारण उघडून पाहा.

आमच्या बारा यंत्रांत तेच निघालं. तिथल्या क्लिअरिंग एजंटच्या माणसाने लॅपटॉप जोडून लॉग पाठवला: बाहेर १९, आत २७. सत्तावीस म्हणजे एपीएन (डेटाची वाट कुठल्या दाराने उघडायची, त्या दाराचं नाव) चुकलेलं किंवा अनोळखी. आमच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या प्रोग्रॅममध्ये, एपीएनचं एक अक्षर चुकलं होतं. मग मकरपुऱ्याच्या टेबलावर हीच यंत्रं आठवडाभर कशी चालली? घरच्या नेटवर्कने चुकीचं एपीएन सांभाळून घेतलं होतं, त्याच्या जागी सिमचं मूळ एपीएन लावून. परक्या नेटवर्कने ही मेहरबानी केली नाही. चूक आमचीच होती, ती फक्त सात दिवस झाकलेली राहिली.

त्यात भर घातली आमच्या वॉचडॉगने, म्हणजे यंत्रावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने. डेटा नाही म्हणून तो दर चार मिनिटांनी मोडेम रीस्टार्ट करत होता. नियमानुसार मोडेम पाच प्रयत्न फसले की थांबतो; थांबायचा टायमर नेटवर्कने वेगळा न दिल्यास १२ मिनिटांचा. चार मिनिटांत रीस्टार्ट केलं की मोजणी पुन्हा शून्यावर, आणि यंत्र त्याच दारावर धडका मारत राहतं. बॅटरी संपते ते वेगळंच. आता आमच्याकडे वाट पाहणं १, ५, १५, मग ६० मिनिटं असं वाढतं, आणि त्यात यंत्राच्या अनुक्रमांकावरून काही सेकंद मिसळतो, म्हणजे एका जहाजावरून उतरलेली सगळी यंत्रं एकाच क्षणी नेटवर्कवर तुटून पडत नाहीत.

पत्ता मिळाला तरी डेटाची वाट लांबची असते. आमच्या सिमचा डेटा दुबईच्या नेटवर्कमधून जीटीपीच्या बोगद्याने (पॅकेटवर आवरण चढवून ते एका नेटवर्कमधून दुसऱ्यात नेण्याची पद्धत) भारतात येतो, इथल्या गेटवेतून पत्ता घेतो आणि मगच सर्व्हरकडे जातो. म्हणून दुबईतल्या ग्राहकाच्या फायरवॉलला हे यंत्र भारतीय दिसतं. ‘फक्त अमिरातीतले पत्ते’ असा नियम तिथे असेल तर डेटा दारातच अडतो. ग्राहकाला हे आधी लिहून कळवा.

बोगद्याची आवरणं प्रत्येक पॅकेटवर चढतात. छोटी तापमान नोंद जाते, फर्मवेअरचं मोठं पॅकेट मात्र मध्येच हरवतं. मोडेमचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १३५८ बाइट ठेवा.

यंत्र जोडलेलं दाखवणाऱ्या पोर्टलवरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. बॅटरी अचानक निघाली तर नेटवर्कला ते लगेच कळत नाही. यंत्राने हजेरी देण्याचा मूळ टायमर ५४ मिनिटांचा, त्यावर आणखी चार. तोवर मेलेलं यंत्रही जोडलेलं दिसतं. खरी खूण एकच, सर्व्हरवर आलेली शेवटची नोंद. बॅटरी बदलायची असेल तर आधी सीजीएटीटी हा आदेश शून्यासह देऊन यंत्राला नेटवर्कचा रीतसर निरोप घेऊ द्या.

आता प्रत्येक खेपेआधी आम्ही खेपेतल्या एका यंत्रात परदेशी कंपनीचं सिम घालतो, त्याचं एपीएन भरतो आणि इथेच टेबलावर चालवतो. त्या सिमला बडोदा परदेश असतो, त्यामुळे सीईआरईजीचं ५ मकरपुऱ्यातच दिसतं. मग एपीएनचं एक अक्षर मुद्दाम चुकवतो. लॉगमध्ये २७ आलं आणि यंत्र धडका न मारता शांत थांबलं, तरच खेप गाडीत चढते. मूळ सिमसाठी एपीएनची ओळ दोघांनी स्वतंत्र वाचून सही करायची.