स्किझोफ्रेनिया आणि घराण्याचा तक्ता: डॉक्टरांकडे जाण्याआधी वंशावळ कशी काढावी

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे भास आणि भ्रम होण्याचा मनाचा आजार. त्याला पहिल्यांदा खानापूरहून धारवाडला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आई म्हणाली, "कुणालाच नाही." मी शेजारीच बसले होते आणि मलाही ते खरंच वाटलं. पुढे अकरा वर्षांनी मी घराण्याचा तक्ता काढायला बसले, तर आईच्या माहेरी तीन माणसं सापडली. आई खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी एक मामा साधू झाला होता, एका मावसबहिणीला बाहेरचं लागलं होतं आणि एक भाऊ फार शिकून बिघडला होता. आजारी कुणीच नव्हतं.

म्हणून सांगते, हा तक्ता घरी निवांत बसून काढा. डॉक्टरांसमोरच्या पाच मिनिटांत तो होत नाही.

शाळेचा मोठा ड्रॉइंगपेपर आडवा ठेवा. पेन्सिलनंच काढा, कारण खोडावं लागणारच. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. नवराबायकोमध्ये आडवी रेघ, तिच्या मधून खाली उभी रेघ आणि तिला मुलं, थोरलं डावीकडे. वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. आजार असलेल्याचा चौकोन किंवा वर्तुळ भरून काळं करायचं, नक्की नसेल तर आत प्रश्नचिन्ह. ज्याच्यासाठी तक्ता काढतोय त्याच्याकडे बाण. गर्भपात झाला असेल तर लहान त्रिकोण. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, काही घरांत सख्ख्या मामाशीही झालेलं असतं. अशा जोडप्यामध्ये दोन समांतर रेघा काढा. हे सांगायला लाजू नका, डॉक्टरांना ते हवंच असतं.

नावांचा घोळ फार होतो. बाईचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं आणि घरात हाक मारायचं चौथं. त्यात आमचं आजोळ चंदगड तालुक्यात, म्हणजे कागद मराठीत, आणि इकडचे सगळे कन्नडमध्ये. म्हणून तक्त्यावर नावं लिहूच नका. पिढीला रोमन आकडा आणि माणसाला साधा आकडा द्या, नावांची यादी वेगळ्या वहीत ठेवा. वही घरात राहते, तक्ता डॉक्टरांकडे जातो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाकू नका. लग्नाच्या वयाच्या मुली असलेल्या घराला त्याचा त्रास होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता खरं अवघड काम: विचारणं. मी आधी चूक केली. मोठ्या मावशीला सरळ विचारलं, "आपल्यात वेडं कोण होतं?" ती उठून आत गेली. दुसऱ्या खेपेला मी तिच्याजवळ सोप्यावर बसले, सुपातले तांदूळ निवडू लागले आणि फक्त माणसांची नावं घेत गेले. तिच्या एका मामाचं नाव आलं तेव्हा तिचा हात थांबला. खडा बोटांत धरून ती म्हणाली, "त्यो रातचा झोपायचा न्हाई गं. परड्यात बसून कुणाशी तरी बोलायचा. मग एक दिवस गेला निघून. साधू झाला म्हनत्यात." वय विचारलं तर म्हणाली, "मिसरूड फुटलेलं, लगीन ठरलं हुतं." विसाव्या-बाविसाव्या वर्षी, झोप गेलेली, कानात आवाज. माझ्या भावाचं अगदी हेच झालं होतं.

तेव्हा असं विचारा: रात्र-रात्र कोण जागायचं? एकटं कोण बोलायचं? कुणी आपल्यावर करणी केलीय असं कोण सतत म्हणायचं? घर सोडून कोण गेलं? कुणाला देवरुष्याकडे नेलं होतं? विहिरीचं नाव निघालं तर पुढे खोदू नका, थांबा, दुसऱ्या दिवशी या. प्रत्येकाच्या शेजारी सुरू झाल्याचं वय लिहा, वर्ष आठवत नसेल तर 'अमक्याच्या लग्नाआधी' असं लिहा. फिट, गतिमंदपणा, तेजी-उदासीचे झटके, दारू, गांजा, आत्महत्या हेही लिहा, कारण यांतल्या काही आजारांची जनुकं स्किझोफ्रेनियाशी सामाईक आहेत. कुणाला एखाद्या गोळीनं गुण आला असेल तर तिचं नाव नक्की. आणि कुणाला जन्मतः हृदयात दोष किंवा टाळू दुभंगलेली असेल तर ते ठळक लिहा. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असला की असे दोष दिसतात आणि अशा माणसांपैकी साधारण चौघांत एकाला पुढे मनोविकाराचे भ्रम होतात. त्याची रक्ततपासणी करता येते.

तक्ता पुरा झाला की पोटात गोळा येतो. माझ्याही आला, कारण भाचीचं लग्न ठरत होतं. तेव्हा आकडे नीट वाचा. कुठल्याही माणसाला आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. सख्ख्या भावाबहिणीला असेल तर शंभरात नऊ-दहाच्या घरात, आई किंवा वडिलांना असेल तर दहाच्या थोडी वर. म्हणजे शंभरातल्या सत्त्याऐंशी-नव्वद मुलांना होत नाही. हुबेहूब जुळ्यांतल्या एकाला असला तरी दुसऱ्याला तो निम्म्याहून कमी वेळा होतो, आणि त्यांची जनुकं तर सारखीच असतात. बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांपैकी कुणालाच हा आजार नसतो.

एकच 'वेडाचं जनुक' नाही. 2022 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात 76,755 रुग्णांचा अभ्यास आला, त्यात जनुकसंचातली या आजाराशी जोडलेली 287 ठिकाणं सापडली. प्रत्येक ठिकाणाचा वाटा चिमूटभर. त्याच वर्षी दहा जनुकांतले दुर्मीळ पण जोरदार बदलही सापडले, पण ते फार थोड्या रुग्णांत असतात. म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या डीएनए किटवर पैसे घालवू नका. पोराला हा आजार होणार की नाही हे सांगणारी तपासणी आज नाही. वर त्या मोठ्या अभ्यासांतली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची, त्यामागून पूर्व आशियातली. तिथं बेतलेलं धोक्याचं माप आपल्या घरांना तसंच बसत नाही.

मला स्वतःला सगळ्यात उलगडा झाला तो 2016 च्या सी-4 जनुकाच्या शोधानं. मेंदूच्या पेशींमधले जोड लहानपणी भरमसाट असतात आणि वयात येताना नको ते काढून टाकले जातात, शेतात दाट उगवलं की विरळणी करतो तसे. सी-4 हे प्रतिकारशक्तीचं जनुक. कुठले जोड काढायचे यावर ते खूण करतं, हे उंदरांत दिसलं. ज्यांच्यात त्याचं काम जास्त, त्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा जास्त. विरळणी प्रमाणाबाहेर झाली असावी, असा त्याचा अर्थ लावतात. मिसरूड फुटायच्या वयातच हे का सुरू होतं, याचं उत्तर मला तिथं दिसलं. आईनं आयुष्यभर "माझ्याच कुशीत दोष" म्हणून कपाळ बडवलं. मी तिला हे तांदळाच्या तरव्यावरून समजावलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे मी काही केलं नव्हतं." नव्हतंच केलं, आई.

घरात दोघं-तिघं आजारी असतील तर संशोधनात भाग घ्यायचा विचार करा. बंगळुरात निम्हान्स हे मनोविकारांचं सरकारी रुग्णालय आणि एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधनसंस्था मिळून अशाच कुटुंबांचा अभ्यास करतात. रक्त घेतात, त्यातल्या पेशींपासून मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडवता येतात अशा पेशी, आणि मेंदूच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात. आपली घरं मोजली गेली तरच आपल्यासाठी माप बनेल. पण सहीआधी प्रत्येक ओळ आपल्या भाषेत समजावून मागा. एका ठिकाणी माझ्यापुढे कन्नड फॉर्म सरकवला आणि "इथं अंगठा चालेल" म्हणाले. मी सही न करता उठले. विचारा: नमुना किती वर्षं ठेवणार? नाव कुणाला कळणार? मधेच माघार घेता येईल का? आमचा निकाल आम्हाला कळवणार का? बहुधा कळवत नाहीत, म्हणून ती आशा धरून जाऊ नका.

हे सगळं करताना गोळ्या एक दिवसही चुकवू नका. आणि रात्री-अपरात्री कुणी बिथरलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर फोनमध्ये आत्ताच घाला, तिथं भाषा निवडता येते.

तक्ता मी ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवते आणि दर दिवाळीला काढते. साधू झालेल्या मामाच्या चौकोनात पंधरा वर्षं प्रश्नचिन्ह होतं. मावशी गेली, त्याआधी तिच्यासमोर मी तो भरून काळा केला. ती म्हणाली, "नाव पन लिव्ह त्येचं." वहीत लिहिलंय.