गावच्या देवळाचा गाभारा स्त्रियांसाठी खुला करायचा असेल तर

हा विषय एकदम ग्रामसभेत काढू नये. आधी गुरव, पुजारी आणि मानकरी यांच्या घरी जाऊन, ही प्रथा कशी पडली आणि ती मोडल्यास त्यांना कशाची धास्ती वाटते, हे शांतपणे ऐकून घ्यावे. बऱ्याचदा अडचण श्रद्धेची नसून मानाची असते. काकड आरतीला पहाटे ताट घेऊन आलेली आजी उंबऱ्याशीच थांबते आणि तिचा नातू मात्र सरळ आत जातो, हे चित्र त्यांच्यासमोर ठेवावे. कलमांपेक्षा ते लवकर भिडते.

तरीही १९५६ चा मंदिरप्रवेश कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयाचा २०१६ मधील आदेश वाचून ठेवावा: जिथे पुरुषांना प्रवेश आहे, तिथे स्त्रियांना अडवता येत नाही. गाभाऱ्यात केवळ पुजारीच जात असेल, तर गोष्ट वेगळी. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केले, पण त्याआधी ते महाराष्ट्रभर हिंडून लोकांशी बोलले होते, हे विसरू नये.

सोवळ्याचे नियम ठेवायचे असतील तर ते सर्वांना सारखेच लावावेत. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ च्या गुढीपाडव्याला स्त्रियांसाठी खुला झाला. आपणही सणाचाच दिवस धरावा आणि पहिली आरती मानकऱ्यांच्या उपस्थितीत गावातील ज्येष्ठ स्त्रीच्या हातून करावी.