गोव्याच्या उन्हाळ्यात व्हाइट वाईन: किती थंड, कशी आणि कशाबरोबर

डिसेंबरच्या रात्री बल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) बसून प्यायलेली रेड वाईन एप्रिलमध्ये जड लागते आणि नाकात झणझणते. बाटलीत काहीच बिघडलेले नसते, बदललेले असते ते तापमान. वाईन गरम झाली की अल्कोहोल भराभर उडते आणि फळांच्या वासाआधी तेच नाकाला भिडते. थंड वाईनमध्ये उलटे होते: आंबटपणा उठून येतो, गोडी आणि सुगंध मागे सरतात. घामाने जीव हैराण झाला की सोलकढी किंवा कैरीचे पन्हे हवेसे वाटते, व्हाइट वाईनची ओढही त्याच आंबटपणाची.

रेड वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा नियम युरोपातल्या जुन्या थंड घरांचा आहे. तिथली खोली म्हणजे 16 ते 18 अंश. मडगावात मे महिन्यात खोली 32 अंशांवर असते. त्यामुळे उन्हाळ्यात रेडच हवी असेल, तर तीही दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवूनच उघडावी.

बाटली निवडताना

उन्हाळ्यासाठी हलकी, आंबटसर आणि ताजी वाईन घ्या. अल्कोहोल 11 ते 12.5 टक्के असलेली बरी, 14 टक्क्यांची या हवेत थकवते. नाशिककडची सोव्हिन्यों ब्लाँ किंवा शेनिन ब्लाँ (ही द्राक्षांच्या जातींची नावे) सहज मिळते. तिथली द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, म्हणून एप्रिलमध्ये लेबलवर गेल्या वर्षाचा आकडा असणे अगदी योग्य. अशा वाईन मुरवायच्या नसतात, दोन-तीन वर्षांहून जुनी बाटली सवलतीत असली तरी सोडून द्या. पोर्तुगालची विन्यो व्हेर्दे मिळाली तर जरूर घ्या. उत्तरेकडच्या मिन्यो भागातली ही वाईन कोवळी आणि हलकी असते, पुष्कळदा जिभेवर बारीक चुरचुरते.

दुकानात दारापाशी उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका. बूच वर सरकलेले, बुचाभोवती चिकटपणा किंवा वाईनला तपकिरी झाक दिसली, तर ती उष्णतेने भाजली आहे. तिची चव शिजवलेल्या सफरचंदासारखी लागते आणि कितीही थंड केली तरी सुधारत नाही. हेच नुकसान घरी आणतानाही होते. उन्हात बंद उभी केलेली गाडी 50 अंशांच्या पुढे तापते, म्हणून बाजारहाटात वाईन शेवटी घ्या. घरात कौलाखालचा माळा आणि पश्चिमेची भिंत टाळा. आतल्या खोलीतले खालचे कपाट चालेल, पण मार्च ते मे फ्रीजचा भाजीचा कप्पाच उत्तम.

थंड करणे

सर्वांत जास्त चुका इथे होतात. किती अंश हवेत, ते आधी ठरवा:

स्पार्कलिंग (फसफसणारी): 6 ते 8
सोव्हिन्यों ब्लाँ, शेनिन ब्लाँ, विन्यो व्हेर्दे: 8 ते 10
लाकडी पिंपात ठेवलेली शार्डने: 10 ते 13

हाताशी वेळ असेल तर फ्रीज. 33 अंशांची बाटली 9 अंशांवर यायला साडेतीन ते चार तास लागतात, दार सारखे उघडत राहिले तर आणखी. पाहुणे दारात असतील तर बादली काढा. अर्धा बर्फ, अर्धे पाणी आणि वर दोन मुठी खडेमीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस-पंचवीस मिनिटांत काम होते, मधेमधे बाटली गोल फिरवली तर आणखी लवकर. नुसता बर्फ पुरत नाही, कारण खड्यांमध्ये हवा राहते आणि काचेला थंडी फारशी लागत नाही. पाणी ती फट भरते, मीठ मिश्रणाचे तापमान शून्याखाली नेते.

फ्रीझर वापरायचाच तर मोबाइलवर 45 मिनिटांचा गजर लावा. वाईन गोठली की फुगते, बूच ढकलते, कधी काच तडकते. स्पार्कलिंग तर फ्रीझरमध्ये मुळीच ठेवू नये, तिच्यात आधीच पाच-सहा वातावरणांचा दाब असतो. ती उघडताना बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा, बूच नव्हे.

फार थंड करणे हीही चूकच. 4 अंशांची सोव्हिन्यों ब्लाँ नुसते आंबट पाणी वाटते. तशी झाली तर ग्लास तळहातात धरून पाच मिनिटे थांबा.

ओतणे

ग्लास तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरा, साधारण 100 मिली. पंख्याखाली पंधरा मिनिटांत वाईन चार-पाच अंश चढते, म्हणून मोठ्या ग्लासातले शेवटचे घोट कोमट होतात. बाटली बादलीतच राहू द्या. ग्लासात बर्फ टाकला की वाईन पातळ होते. त्याऐवजी फ्रीझरमध्ये गोठवलेली हिरवी द्राक्षे टाका. प्रत्येक ग्लासाबरोबर एक ग्लास पाणी प्या आणि नंतर स्कूटरला हात लावू नका.

ताटातली मासळी

रवा लावून तळलेली सुंगटे (कोळंबी) किंवा इसवण (सुरमई) असेल तर सोव्हिन्यों ब्लाँ किंवा स्पार्कलिंग: आंबटपणा तेल धुऊन नेतो. हुमणाला, म्हणजे नारळ-कोकमाच्या मासळीच्या कालवणाला, जरा विचार हवा. कोकमाची आंबट बाजू वाईनपेक्षा वरचढ झाली तर वाईन सपक लागते, म्हणून सोलां जास्त घातली असतील तर जास्त आंबट वाईन निवडा. नारळाचा दाटपणा मात्र शार्डनेशी छान जुळतो.

रेशाद (तिखट लाल मसाला भरलेल्या) बांगड्याला कोरडी (गोडी नसलेली) आणि कडक वाईन चालत नाही. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, वर मसाल्यात सुरेचे (माडीचे) व्हिनेगर असते. इथे किंचित गोडसर शेनिन ब्लाँ किंवा रिसलिंग चांगल्याच थंड द्या, त्या गोडीने जीभ निवते. बांगड्यासोबत रेड तर टाळाच, तिच्यातल्या लोहामुळे मासळीचा उग्र वास उठतो.

मानकुराद आंब्यासोबत कोरडी वाईन आंबटढाण लागते. वाईन फळापेक्षा गोड हवी, म्हणून लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या, जास्त गोड द्राक्षांची) शेनिन ब्लाँ घ्या.

उरलेली वाईन

झाकण घट्ट लावून लगेच फ्रीजमध्ये उभी ठेवा, तीन-चार दिवस टिकते. स्पार्कलिंग मात्र दुसऱ्या दिवशी संपवा. पाचव्या दिवशी वास शिळा वाटला पण व्हिनेगर झाले नसेल, तर तिसऱ्या (शिंपल्या) वाफवताना पाण्याऐवजी अर्धी वाटी घाला. मीठ चव पाहूनच टाका, आणि झाकण काढल्यावर ज्या शिंपल्या उघडल्या नाहीत त्या फेकून द्या.