पीएलसी, मीटर, ड्राइव्ह: प्रोटोकॉल ठरवण्याआधीचं गणित

कारखान्यातल्या उपकरणांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं, म्हणजे प्रोटोकॉल, ते ठरवायला बसलं की वेगाची चर्चा आधी सुरू होते. सुरुवात करावी ती उपकरणांच्या यादीने. प्रत्येक उपकरणासमोर चार रकाने भरा: पोर्ट कोणतं, पीएलसीपासून (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) केबलचं अंतर किती, एका फेरीत किती रजिस्टरं (उपकरणातले आकड्यांचे कप्पे) वाचायची, आणि माहिती किती मिलिसेकंद शिळी झाली तरी चालेल. शेवटचा रकाना भरला की निम्मा निर्णय होतो.

एमआयडीसीतला मध्यम कारखाना धरू: 20 एनर्जी मीटर, 6 व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह), सर्व्होवर (नेमक्या जागी थांबणाऱ्या मोटरवर) चालणारं एक पॅकिंग मशीन, आणि टाक्यांवर 4-20 मिलिअँपिअरचे लेव्हल ट्रान्समीटर. या सगळ्यांना एकाच प्रोटोकॉलवर आणायचा हट्ट महागात पडतो.

मीटरवर बहुधा आरएस-485 पोर्ट (एकाच वायरजोडीवर अनेक उपकरणं) आणि त्यावर मॉडबस आरटीयू हा प्रोटोकॉल असतो. प्रोटोकॉल 1979 चा आहे, पण गणित करून बघा. 10 रजिस्टरं वाचायला विचारणा 8 बाइटची, उत्तर 25 बाइटचं. दर बाइटला 11 बिट धरले तर 363 बिट, म्हणजे 9600 बॉडवर (सेकंदाला 9600 बिट) सुमारे 38 मिलिसेकंद. दोन फ्रेममधल्या (संदेशांमधल्या) साडेतीन अक्षरांच्या शांततेचे मिळून 8, आणि मीटरला उत्तर जुळवायला 50 धरा. एका मीटरला जवळपास 100 मिलिसेकंद, 20 मीटरना 2 सेकंद. युनिट मोजायला एवढं भरपूर झालं. बॉड रेट 19200 केला तरी वेळ निम्मा होत नाही, कारण मीटरचे 50 तसेच राहतात.

खरी गडबड मीटर बंद पडल्यावर होते. टाइमआउट (उत्तराची वाट बघायची वेळ) 1 सेकंद आणि एकूण 3 प्रयत्न ठेवले असतील, तर एक मेलेला मीटर दर फेरीत 3 सेकंद खातो आणि सगळ्यांचीच माहिती उशिरा येते. टाइमआउट 300 मिलिसेकंदांवर आणा, फेरप्रयत्न एकच ठेवा, आणि न बोलणाऱ्या मीटरला मिनिटाने एकदाच विचारा.

वायरिंगमध्ये फाटे नकोत. केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर, तिथून पुढच्यावर अशीच न्यायची. 120 ओहमचे रेझिस्टर फक्त दोन टोकांना. सगळं बंद करून दोन डेटा वायरांमध्ये मल्टिमीटर लावा: 60 ओहमच्या आसपास यायला हवं. 120 आले तर एक रेझिस्टर राहिला आहे, 40 आले तर मधल्या कुठल्यातरी उपकरणातल्या रेझिस्टरचा स्विच चालू आहे. या दोन वायरांना ए आणि बी ही नावं प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने देते. नवीन उपकरण अजिबात बोलत नसेल तर त्याच्या दोन वायरा उलटून बघा. शील्ड अर्थ करा ती एकाच टोकाला, आणि कॉमनसाठी (सगळ्या उपकरणांचा सामाईक शून्य) तिसरी वायर विसरू नका. वाचलेला आकडा शेजारच्या रजिस्टरचा वाटला तर पत्त्यात एकाचा फरक आहे: मॅन्युअलमधलं 40001 म्हणजे तारेवर शून्य. आकडा अगदीच भलता आला तर 32 बिटी फ्लोटचे (दशांशी आकड्याचे) दोन शब्द, म्हणजे दोन रजिस्टरं, उलटे जोडले जात असतात.

व्हीएफडीही मॉडबसवर चालतात, मात्र त्यांची लाइन मीटरपासून वेगळी ठेवा आणि डेटा केबल मोटरच्या पॉवर केबलला समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. ड्राइव्हमधलं ‘कम्युनिकेशन तुटल्यास’ हे पॅरामीटर हाताने तपासा. ते बंद असेल तर केबल तुटल्यावरही मोटर शेवटच्या वेगाने फिरत राहते. इमर्जन्सी स्टॉप मॉडबसवर कधीच नाही, त्याला स्वतंत्र वायर.

सर्व्होचं गणित वेगळं. अक्षांचा मेळ दर मिलिसेकंदाला किंवा त्याहून लवकर बसवायचा असतो, तिथे मॉडबसचा विचारच सोडा. इथे निवड बहुधा पीएलसीच करतो: सीमेन्स असेल तर प्रोफिनेट, रॉकवेल असेल तर इथरनेट/आयपी, बेकहॉफ असेल तर इथरकॅट; तिन्ही इथरनेट केबलवरचे प्रोटोकॉल. दुसऱ्या घराण्याचा ड्राइव्ह स्वस्त मिळाला म्हणून मध्ये गेटवे (एका प्रोटोकॉलचं दुसऱ्यात भाषांतर करणारा डबा) टाकू नका. वेळेची शिस्त तिथेच मोडते. प्रोफिनेटमध्ये उपकरण नावाने ओळखलं जातं. रात्रपाळीत ड्राइव्ह बदलला आणि नाव दिलं नाही तर लाइन उभीच राहते. म्हणून कोणता पोर्ट कोणाला जोडला आहे ते पीएलसीच्या प्रोजेक्टमध्ये भरून ठेवा, म्हणजे शेजाऱ्यावरून नाव आपोआप मिळतं. तांब्याच्या इथरनेट केबलला 100 मीटरची मर्यादा, पुढे फायबर.

ट्रान्समीटर 4-20 वरच राहू द्या. दूरून कॅलिब्रेशन किंवा निदान हवं असेल तर त्याच दोन तारांवर हार्ट हा डिजिटल प्रोटोकॉल चालतो, फक्त लूपमध्ये किमान 250 ओहम हवेत.

वरच्या सर्व्हरला माहिती द्यायला कारखान्याच्या आत ओपीसी यूए हा प्रोटोकॉल बरा. त्यात दोन्ही संगणक एकमेकांचं सर्टिफिकेट तपासतात; ते नाकारलं गेलं तर आधी दोन्ही संगणकांची घड्याळं जुळवा. मोबाइल नेटवर्कवरून पाठवायची असेल तर एमक्यूटीटी हा हलका प्रोटोकॉल, तोही 8883 पोर्टवर टीएलएससह (कूटबद्ध करून). दर आकड्यासोबत वेळ पाठवा, नाहीतर लिंक तुटल्यावरचा जुना आकडा ताजा समजला जातो. मॉडबस टीसीपीच्या (इथरनेटवरच्या मॉडबसच्या) 502 पोर्टला पासवर्डच नसतो; ते जाळं ऑफिसच्या वायफायपासून वेगळं काढा.

ऑर्डर देण्यापूर्वी नेमक्या मॉडेलचा रजिस्टर मॅप (कोणत्या रजिस्टरमध्ये काय याची यादी) किंवा प्रोफिनेटसाठी जीएसडीएमएल ही वर्णनाची फाइल मागून घ्या. एक नग आणून टेबलावर चालवा, मग तो पॅनेलमध्ये बसवून सगळे ड्राइव्ह पूर्ण लोडवर असताना तासभर सीआरसी चुका (वाटेत बिघडलेले संदेश) मोजा. थंड पॅनेलमध्ये घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही.