एआयचं चित्र: हक्क कुणाचा, लेबल कसं लावायचं

पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठं हे माझं काम. एआयने केलेलं चित्र हातात आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: यात तुमचं काय?

‘प्रॉम्प्ट माझा’, म्हणजे एआयला लिहून दिलेली सूचना माझी, एवढ्यावर सगळीकडे भागत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये ‘झारिया ऑफ द डॉन’ या कॉमिकचा मजकूर आणि चित्रांची निवड-मांडणी यांना संरक्षण दिलं. मिडजर्नी या एआय टूलमधून आलेली चित्रं मात्र वगळली. त्याच वर्षी बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने प्रॉम्प्ट आणि सेटिंग बदलत बदलत घडवलेल्या चित्रावर ते घडवणाऱ्याचा हक्क मान्य केला. टूलच्या अटींत ‘आउटपुट तुमचं’ असं लिहिलेलं असलं तरी हुरळून जाऊ नका. तो तुमचा आणि कंपनीचा करार. तिसऱ्याने चित्र उचललं तर तिथे कायदाच बघावा लागतो.

म्हणून आपला हात कुठे लागला याचा पुरावा जपा. मशीनकडून आलेलं चित्र जसंच्या तसं ‘कच्चं’ नावाच्या फोल्डरात टाका, शेजारी प्रॉम्प्ट आणि तारीख. हाताने काढलेलं रेखाटन असेल तर तेही तिथेच. दुरुस्त्या नेहमी कॉपीवर करा आणि लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक असलेले वेगळे थर, शाबूत ठेवा. सगळं एका जेपीईजीत सपाट झालं की आकाश मशीनचं आणि झाड तुमचं, हे कशावरून सांगणार?

आता लेबल. ‘एआयच्या मदतीने’ हे लेबल मला अजिबात पटत नाही. त्यात शुद्धलेखन तपासणंही बसतं आणि अख्खं चित्रही. सरळ लिहा: ‘पार्श्वभूमी एआयनिर्मित, व्यक्तिचित्र आणि अक्षरं हाताने.’ तेही चित्राला लागून, शेवटच्या पानावर बारीक टायपात नको. शुद्धलेखन तपासलं एवढ्यासाठी मी लेबल लावत नाही. खरा फोटो किंवा खऱ्या माणसाचा आवाज वाटेल असं काही असेल तर मात्र तडजोड नाही, लेबल हवंच.

फाइलच्या आतही नोंद करा. सी२पीए या तांत्रिक मानकातलं ‘कंटेंट क्रेडेन्शियल्स’, म्हणजे फाइलच्या उगमाची नोंद, चालू असेल तर चित्र कशातून आलं, पुढे काय बदललं हे फाइलसोबत जातं. पण कुणी स्क्रीनशॉट घेतला की ती माहिती गळते, मेसेजिंग ॲपमधून पाठवतानाही बरेचदा गळते. तेव्हा दिसणारं लेबल हवंच, आणि फाइल सोपवताना त्याची ओळ मेलमध्ये तयार टाइप करून द्या. अपलोड करणारा घाईत असतो, तो फक्त कॉपी-पेस्ट करतो.